दोन मासे, एक टाकी

२०२०च्या पावसाळ्यात मी पुण्यातली भाड्याची खोली सोडून पुसदला परत आलो, तेव्हा हॉलमध्ये माझ्या जुन्या अभ्यासाच्या टेबलाच्या जागी काचेची टाकी उभी होती. लॉकडाऊनमध्ये लहान भावाने हा उद्योग सुरू केला होता. टाकीत एक ऑस्कर होता. तळहाताएवढा, काळपट, अंगावर विझत आलेल्या निखाऱ्यासारखे नारिंगी डाग. मी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात भावाने त्याच टाकीत एक फ्लॉवरहॉर्न आणून सोडला. लालभडक, कपाळावर हे एवढं टेंगूळ.

दुकानदाराने त्याला आधीच सांगितलं होतं, "हे दोघं एका टाकीत नाही जमत भाऊ. एका म्यानात दोन तलवारी होतात." भावाचं म्हणणं, टाकी मोठी आहे.

टाकी चार बाय दीड बाय दीड फुटांची. नऊ घनफूट, म्हणजे साधारण अडीचशे लिटर पाणी. आपल्या हॉलमध्ये ती मोठीच दिसते. पहिला दिवस शांततेत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा ऑफिसचा कॉल चालू असताना मागून काचेवर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर ऑस्कर फिल्टरच्या मागच्या कोपऱ्यात आडवा पडलेला, शेपटीच्या चिंध्या झालेल्या. आणि फ्लॉवरहॉर्न उरलेल्या टाकीत या टोकापासून त्या टोकापर्यंत गस्त घालत होता. ऑस्करने हार मानली होती हे मलासुद्धा कळत होतं. फ्लॉवरहॉर्न मात्र दर दोन-तीन मिनिटांनी कोपऱ्यात जाऊन त्याला पुन्हा मारत होता.

बाबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "एकाले धरणात सोडून दे. पुन्य लागन."

भावाने बादली आणली. त्या बादलीचं काय झालं ते पुढे सांगतो. त्या सकाळपासून मला एका प्रश्नाने धरलं तो असा: हरलेल्याला मारत राहणारा प्राणी निसर्गात टिकेल कसा? जिंकून झाल्यावर भांडत राहणं म्हणजे फुकटची दमछाक. मग हा मासा असा का वागतो? महिनाभर मी रात्री कोड लिहायचं सोडून हेच वाचत बसलो, आणि वाचता वाचता लक्षात आलं की 'दोन भांडखोर मासे एका पाण्यात' हा प्रयोग माणूस फार आधीपासून करत आलाय. कधी पैज लावून, कधी वही-पेन्सिल घेऊन, आणि कधी आपण प्रयोग करतोय हे माहीतच नसताना.

पैजेपासून सुरुवात करू. शाळेत असताना मासे विकणाऱ्या दुकानात आम्ही जायचो ते फायटर बघायला. बरण्यांची रांग, प्रत्येक बरणीत एकच मासा, आणि दोन बरण्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा. दुकानदाराचं लक्ष नसलं की आम्ही पुठ्ठा वर ओढायचो. दोन्ही मासे काचेला चिकटून कल्ले फुलवायचे, शेपटीचा पंखा व्हायचा. आम्हाला त्यात प्रचंड मजा यायची. हा मासा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. भातखाचरांतल्या उथळ पाण्यात राहतो. पाण्यातला प्राणवायू कमी पडला तर वर येऊन थेट हवा घेतो, म्हणून तर बरणीत जगतो. आपल्या बाजारात घमेल्यात जिवंत वळवळणारी मरळ टिकते तीही हवा घेता येते म्हणूनच.

थिओडोर कँटर नावाचा एक डॅनिश डॉक्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या वैद्यकीय सेवेत होता. १८४०मध्ये सयामच्या राजाकडचे काही झुंजीचे मासे दुसऱ्या कुणाच्या हातून त्याच्यापर्यंत पोचले. १८४९मध्ये त्याने त्यांच्यावर लिहिलं. माशांच्या झुंजी भरवण्याचा परवाना तिथे मक्त्याने दिला जातो आणि त्यातून राजाला चांगलं उत्पन्न मिळतं, हेही त्याने नोंदवलं. नाव ठेवलं मॅक्रोपोडस प्युग्नॅक्स. प्युग्नॅक्स म्हणजे भांडखोर. पुढे साठेक वर्षांनी ब्रिटिश म्युझियममधल्या चार्ल्स टेट रीगनच्या लक्षात आलं की हे नाव दुसऱ्याच माशाला आधी दिलं गेलंय. त्याने नवं नाव दिलं, बेट्टा स्प्लेंडेन्स. भांडखोर गेला आणि 'देखणा' आला. थायलंड सरकारने २०१९मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं, ते या देखण्या नावाखाली.

यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. भातखाचरातला जंगली फायटर काही मिनिटं भांडतो आणि हरणारा सटकतो. पैजेसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेला फायटर त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लढतो, कारण जो पळाला त्याची पैदास कुणी केलीच नाही. आणि झुंज होते भांड्यात. तिथून पळणार कुठे?

आपल्याकडे याचं एक उलट उदाहरण सापडतं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, आपल्या मराठवाड्याला लागून. बाराव्या शतकात, साधारण ११३०च्या सुमारास त्याच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ तयार झाला. राजाने वेळ कसा घालवावा याचे त्यात पुष्कळ प्रकार आहेत. कोंबड्यांच्या झुंजी आहेत, लाव्यांच्या, मेंढ्यांच्या, रेड्यांच्या आहेत. माशांवरही 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे आणि ते वाचायला भारी आहे. कोणता मासा कसा असतो, कुणाला कसलं आमिष लावायचं, दोरी कशी, गळ कसा. विसाव्या शतकात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाचा शास्त्रज्ञाच्या नजरेने अभ्यास केला. पण दख्खनच्या या राजाला मासा लढवायचा नव्हता, पकडायचा होता. कोंबडा आखाड्यात लढतो तेव्हा आजूबाजूला माणसं उभी असतात. मासा नदीत लढला तर बघणार कोण? माशाची झुंज बघायची तर आधी त्याला भांडं लागतं.

काचेचं भांडं युरोपात आलं एकोणिसाव्या शतकात. लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन १८५०च्या आसपास असा प्रयोग करत होता: गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या तर पाणी न बदलता सगळं जगतं का? जगलं. मग त्याने स्टिकलबॅक नावाचा, बोटभर लांबीचा, पाठीवर काटे असलेला मासा ठेवला आणि नर एकमेकांशी कसे भांडतात, घरटं कसं बांधतात, मादी आली की कसे पिसाटतात हे लिहून ठेवलं. डार्विनने १८७१च्या 'डिसेंट ऑफ मॅन'मध्ये त्याचा हवाला दिलाय. १८५३मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाऊस' उघडलं, लोकांसाठीचं पहिलं मत्स्यालय. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉसचं पुस्तक आलं आणि 'ॲक्वेरियम' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. आपल्याकडे मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर १९०९मध्ये मत्स्यालय झालं, आणि १९५१मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झालं. मुंबईच्या सहलीत ते असायचंच. विदर्भातल्या किती पोरांनी पहिला समुद्री मासा तिथे काचेपलीकडून पाहिला असेल, कुणास ठाऊक.

आता आमच्या टाकीतल्या दोघांकडे येतो. ऑस्कर दक्षिण अमेरिकेतला, ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. १८३१मध्ये लुई अगासीने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा त्याला हा समुद्रातला मासा वाटला होता. संग्रहालयातल्या मेलेल्या नमुन्यावरून काम करणाऱ्याची ही चूक आपण समजून घेऊ शकतो. ऑस्कर फूटभर वाढतो, दुकानात मात्र दोन इंचांचा मिळतो. त्याच्या तोंडात मावेल ते तो खातो, पण आपल्याएवढ्या शेजाऱ्याशी उगाच भांडण उकरून काढणाऱ्यातला तो नाही.

फ्लॉवरहॉर्न मात्र जगातल्या कुठल्याच नदीतला नाही. १९९०च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतल्या वेगवेगळ्या भांडखोर जातींचा संकर करून तो बनवला गेला. कपाळावरचं टेंगूळ जितकं मोठं तितकं घरात भाग्य, अंगावरचे काळे ठिपके म्हणजे चिनी अक्षरं, अशी समजूत पसरली आणि त्याच्या किमती कुठल्या कुठे गेल्या. लोक त्याला आरसा दाखवतात, चिडला की टेंगूळ फुगतं म्हणून. म्हणजे फायटरच्या बाबतीत सयाममध्ये पैजेने जे केलं ते याच्या बाबतीत वास्तुशास्त्राच्या चिनी भावंडाने केलं. आमच्या टाकीतला मारकुटा असा दोन-तीन दशकांत घडवलेला होता. या सगळ्याची मला तेव्हा कल्पना नव्हती. मला तो जन्मजात गुंड वाटत होता.

त्याला गुंड म्हणणं मी थांबवलं ते निको टिनबर्गनमुळे.

टिनबर्गन हा डच माणूस. १९३०च्या दशकात लायडन विद्यापीठात तो विद्यार्थ्यांना घेऊन स्टिकलबॅकवर काम करायचा, वॉरिंग्टनचा तोच काटेवाला मासा. विणीच्या काळात नराचं पोट लाल होतं. खिडकीपाशी टाक्या ठेवल्या होत्या. बाहेरून टपाल खात्याची लाल गाडी गेली की सगळे नर त्या बाजूच्या काचेला भिडायचे. त्यावरून त्याने मेणाचे खोटे मासे केले. हुबेहूब आकाराचा पण लाल नसलेला मासा नराने फारसा मनावर घेतला नाही. वेडावाकडा, माशासारखा न दिसणारा, पण खालून लाल रंगवलेला गोळा दिसला की हल्ला.

मला मात्र त्याचा दुसरा प्रयोग जास्त आवडतो. तो इतका साधा आहे की आपल्याला का सुचला नाही असं वाटतं. एका टाकीत दोन नर. डावीकडे एकाचं घरटं, उजवीकडे दुसऱ्याचं. टिनबर्गनने दोघांना एकेका काचनळीत घातलं. दोन्ही नळ्या डावीकडे नेल्या की डावा नर काचेतून उजव्यावर तुटून पडायचा आणि उजवा नळीतच पळायची धडपड करायचा. त्याच दोन नळ्या उजवीकडे नेल्या की बरोबर उलटं. तेच दोन मासे, तीच ताकद, एकाच दिवशी. बदलली ती फक्त जागा. शूर कोण आणि भित्रा कोण हे माशाकडे बघून सांगता येत नाही. आपण कुणाच्या दारात उभे आहोत यावर ते ठरतं.

हे वाचल्यावर मी टाकीकडे पुन्हा पाहिलं. नदीत किंवा तळ्यात फ्लॉवरहॉर्नच्या आजी-आजोबांनी शेजाऱ्याला हाकललं की तो शेजारी दिसेनासा व्हायचा. विषय संपला. आमच्या टाकीत ऑस्कर हरतो, पळतो, आणि चार फुटांवर थांबतो, कारण पुढे काच आहे. फ्लॉवरहॉर्नच्या दृष्टीने तो अजून त्याच्याच दारात उभा आहे. 'मी गेलो' हे सांगायचा माशाकडे एकच मार्ग असतो, खरोखर जाणं. तो आम्ही बंद करून टाकला होता. आमच्या भाषेत सांगायचं तर लूप होता, त्यातून बाहेर पडायची अटच लिहिलेली नव्हती.

टिनबर्गनचा एक मित्र होता, कॉनराड लोरेन्झ, ऑस्ट्रियन. १९३७च्या वसंतात दोघांनी व्हिएन्नाजवळ अल्टेनबर्गला लोरेन्झच्या घरी राहून हंसांवर एकत्र काम केलं. पुढच्या वर्षी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि लोरेन्झ नाझी पक्षाचा सभासद झाला. वंशशुद्धीच्या सुरात सूर मिसळून त्याने लिहिलंही. १९४०मध्ये जर्मनीने हॉलंड घेतलं. लायडनमध्ये ज्यू प्राध्यापकांना काढून टाकण्याला टिनबर्गनने इतरांबरोबर विरोध केला आणि १९४२ ते १९४४ अशी दोन वर्षं त्याने नाझींच्या ओलीस-छावणीत काढली. लोरेन्झ जर्मन सैन्यात डॉक्टर होता, तो रशियनांच्या हाती लागला आणि १९४८मध्ये घरी परतला. १९४९मध्ये केंब्रिजला दोघांची भेट झाली आणि मैत्री पुन्हा सुरू झाली. ती कशी होऊ शकली हे मला आजही पूर्ण कळत नाही. टिनबर्गनच्या जागी मी असतो तर गेलो नसतो, असं मला वाटतं. १९७३चं नोबेल दोघांना मिळालं, मधमाश्यांवाल्या कार्ल फॉन फ्रिशबरोबर.

लोरेन्झने १९६३मध्ये आक्रमकतेवर एक पुस्तक लिहिलं, इंग्रजीत त्याचं नाव 'ऑन ॲग्रेशन'. त्यात तो घरच्या टाक्यांतल्या सिक्लिड माशांबद्दल सांगतो. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न दोन्ही याच सिक्लिड कुळातले. या कुळाचे आपले भारतीय नातेवाईकही आहेत, केरळचा करीमीन त्यातलाच, गोव्यात त्याला कालुंदर म्हणतात. लोरेन्झचं निरीक्षण असं: सिक्लिडची एकच जोडी टाकीत ठेवली, भांडायला शेजारी नसला, की नर शेवटी स्वतःच्या मादीवर उलटतो. त्यावर उपाय म्हणजे मोठ्या टाकीत मधोमध काच घालायची आणि दोन बाजूंना दोन जोड्या ठेवायच्या. नर काचेतून एकमेकांवर राग काढतात, कुणालाच लागत नाही, आणि घरात शांतता. मग तो गमतीने सांगतो की काचेवर शेवाळ धरलंय हे आम्हाला कळायचं ते नर मादीशी उद्धट वागू लागला की! काच पुसली, शेजारी दिसला, की संसार पुन्हा सुरळीत.

गोष्ट इतकी छान आहे की ती लगेच माणसांना लावावीशी वाटते, आणि लोरेन्झने तसं केलंच. त्याचं म्हणणं, राग हा आत साठत जाणाऱ्या पाण्यासारखा असतो. टाकी भरली की तोटी उघडावीच लागते, नाहीतर पाणी कुठूनतरी फुटतं. म्हणून माणसाने खेळांचे सामने वगैरे भरवून ते काढून टाकावं. इथे मला थांबावंसं वाटतं. अमेरिकेत डॅनियल लेहरमनने १९५३मध्येच लोरेन्झच्या 'उपजत' या कल्पनेवर कडक टीका केली होती, आणि १९६०मध्ये रॉबर्ट हाइंडने असल्या साठ्याच्या कल्पनेचाच समाचार घेतला. मेंदूत किंवा शरीरात रागाची अशी टाकी कुणाला सापडलेली नाही. आणि ज्या माणसाने एका दशकात वंशशुद्धीचं समर्थन केलं, त्याने नंतर येऊन हिंसा ही निसर्गाचीच भरलेली टाकी आहे असं सांगावं, हे जरा सोयीचंच वाटतं. शेवाळाचं निरीक्षण मात्र मी खरं मानतो. त्यातून साठा सिद्ध होत नाही. नराच्या नजरेसमोर कोण आहे यावर त्याचं वागणं बदलतं एवढंच दिसतं, आणि तेवढं टिनबर्गनच्या नळ्यांनी आधीच दाखवलं होतं.

मासे पाळणाऱ्या लोकांनी शास्त्रज्ञांची वाट न बघता यातून आपापल्या युक्त्या काढल्यात. नवा मासा सोडायच्या आधी टाकीतले दगड हलवून टाकायचे, म्हणजे जुन्याची हद्द पुसली जाते. आधी गरीब मासा सोडायचा, मागून भांडखोर. आम्ही सगळं नेमकं उलट केलं नव्हतं, पण दगड तसेच ठेवले होते. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या सिक्लिडसाठी तर लोक मुद्दाम टाकी खच्चून भरतात. इतकी गर्दी की कुणालाच हद्द राखता येत नाही आणि एकाच दुबळ्यावर सगळा मार पडत नाही. विरारच्या लोकलसारखी शांतता. यातलं काहीही आमच्या दोघांना लागू नव्हतं. फूटभर वाढणाऱ्या दोन माशांना अडीचशे लिटर म्हणजे खोलीसुद्धा नाही, जिना आहे.

आता बादली.

बाबांचं म्हणणं टाळणं सोपं नव्हतं, कारण त्यात दया होती. मासा तडफडतोय, गावाशेजारी धरण आहे, सोडून द्या. भावाने फ्लॉवरहॉर्न बादलीत घेतला, मी गाडी काढली आणि आम्ही पूस धरणावर गेलो. काठावर एक भोईकाका जाळं सुकवत बसले होते. त्यांनी बादलीत डोकावून विचारलं, "हे काय हाय?" भावाने सांगितलं. परदेशातला मासा, फार मारतो, म्हणून सोडायला आणला.

"मंग नको सोडू बाप्पा," ते म्हणाले. "चिलापीचं अजून निस्तरून रायलो आम्ही."

चिलापी म्हणजे तिलापिया, पुन्हा सिक्लिडच. मूळची आफ्रिकेची. १९३०च्या दशकात ती जावा बेटाच्या किनाऱ्यावर सापडली. तिथपर्यंत कशी आली याचा उलगडा झाला नाही, पण ज्या माणसाने तिची तिथे पैदास केली त्याच्या नावावरून इंडोनेशियात तिला आजही 'मुजाइर' म्हणतात. भारतात ती १९५२मध्ये मुद्दाम आणली गेली. हेतू चांगलाच होता: स्वातंत्र्याची पहिली वर्षं, अन्नाची टंचाई, आणि हा मासा काहीही खातो, कुठेही वाढतो. मादी अंडी तोंडात सांभाळते, म्हणून पिल्लं मोठ्या प्रमाणावर जगतात. नर तळाशी खड्डा करून त्याची राखण करतो. झालं असं की ती एवढीशी असतानाच वितात, तळं लहान लहान चिलाप्यांनी भरून जातं आणि इतर माशांना खायला आणि अंडी घालायला जागा उरत नाही. १९५९मध्ये, म्हणजे सात वर्षांत, केंद्राच्या मत्स्य संशोधन समितीने तिच्या प्रसारावर बंदी घातली. तोवर ती पसरली होती. उजनीच्या जलाशयातून आज पोतीच्या पोती चिलापी निघते, आणि तिथल्या अनेक कुटुंबांचं पोट तिच्यावरच चालतं. त्यामुळे तिला नुसतं खलनायक म्हणूनही चालत नाही. आफ्रिकन मांगूरचं तसंच. त्याच्यावर २००० साली बंदी आली, आणि त्यानंतरही महाराष्ट्रात त्याची तळी शोधून नष्ट करावी लागली. फ्लॉवरहॉर्नचा भाव उतरल्यावर मलेशिया-सिंगापुरात लोकांनी तो असाच दयेने पाण्यात सोडला, आणि तिथल्या जलाशयांत तो आता सापडतो.

काकांना ही सनावळी सांगायची गरज नव्हती, त्यांना जाळ्यातून कळत होती. आम्हीच काठावर उभे राहून मोबाइलवर नकाशा उघडला. पूस नदी पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता, आणि प्राणहिता गोदावरीला. धरणाच्या सांडव्यावरून एका पावसाळ्यात पाणी वाहिलं की आमच्या बादलीला थेट बंगालच्या उपसागरापर्यंत रस्ता मोकळा. एकटा मासा पिल्लं देणार नाही हे खरं. संकराचे नर पुष्कळदा नपुंसक असतात हेही मी नंतर वाचलं. पण पुसदमध्ये दया येणारं आमचं एकच घर थोडंच असणार?

धरण आपल्याला टाकीच्या उलट वाटतं, मोठं, मोकळं. मरळीच्या बाजूने बघितलं तर तसं नाही. मरळ तर आपल्याकडची कुणाला न भिणारी. नर-मादी मिळून पिल्लांच्या लालसर थव्याची राखण करतात, जवळ येईल त्याच्या अंगावर जातात. १८३९मध्ये कर्नल विल्यम साइक्सने दख्खनच्या माशांची यादी केली तेव्हा त्यात मरळ होतीच. त्या काळात इथल्या नद्या वाहत्या होत्या. हरलेल्याला वरच्या डोहात जायची सोय होती. आता मध्ये भिंत आहे. वसंतराव नाईकांच्या या तालुक्यात धरणाविरुद्ध बोलणारा मी कोण, आमच्या घरचा नळ त्याच पाण्यावर चालतो. पण माशासाठी तीही एक टाकीच आहे, फक्त काचेच्या जागी दगड-माती. त्या टाकीत नवा मारकुटा सोडायला निघालो होतो आम्ही.

बादली परत आणली. बाबा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "मंग आता दोन टाक्या घ्या लागन."

दोन टाक्यांना हॉलमध्ये जागा नव्हती. भावाने ॲक्रिलिकची पारदर्शक शीट कापून मधोमध बसवली, पाणी फिरावं म्हणून ड्रिलने भोकं पाडली. पहिले आठ दिवस फ्लॉवरहॉर्न शीटला तोंड आपटत राहिला आणि ऑस्कर पलीकडच्या कोपऱ्यात पडून राहिला. टिनबर्गनच्या नळीतला मासा डोळ्यांसमोर दिसत होता, आणि ते बघणं काही मजेचं नव्हतं. मग मी शीटला मागून काळा कार्डपेपर लावला. शाळेत असताना बरण्यांमधला जो पुठ्ठा आम्ही वर ओढायचो तोच, म्हणा. तिसऱ्या दिवशी ऑस्कर खायला वर आला. शेपटी भरून यायला दीड महिना लागला.

डिसेंबरात दुकानदाराच्या ओळखीने दिग्रसच्या एका गृहस्थांनी फ्लॉवरहॉर्न नेला. त्यांच्याकडे मोठी टाकी होती आणि त्यात दुसरं कुणी नव्हतं. जाताना भावाने त्यांना तीनदा बजावलं की कंटाळा आला तर आम्हाला फोन करा, पाण्यात सोडू नका. शीट काढून टाकली. ऑस्कर पुढचे दोन दिवस टाकीच्या आपल्याच अर्ध्या भागात फिरत राहिला. जिथे शीट होती तिथपर्यंत जायचा आणि वळायचा.